ईयूव्ही स्रोतांची सूची वापरताय? आधी या चुका टाळा

एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे ईयूव्ही, हा प्रकाशाचा अतिनील आणि एक्स-रे यांच्या मधला, जरासा अडगळीत पडलेला पट्टा आहे. तरंगलांबी साधारण १०० ते ९१२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). आपलं वातावरण तो पूर्ण शोषतं, त्यामुळे बघायचं तर वरच जावं लागतं. नासाचा ईयूव्हीई हा उपग्रह ७ जून १९९२ ला वर गेला. त्याच्या तीन स्कॅनर दुर्बिणींनी सहा महिन्यांत सगळं आकाश पिंजून काढलं. बर्कलेच्या गटाने त्यातून १९९४ ला ४१० स्रोतांची पहिली सूची काढली आणि १९९६ ला ७३४ स्रोतांची दुसरी. या सूच्या आज कुणालाही फुकट उतरवता येतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला सोन्यासारखा माल आहे, पण घाईत वापरला तर तोंडघशी पडायला होतं. मी पडलोय.

नावावरून जागा काढू नका

माझी पहिली चूक हीच. तिमिंगल तारकासमूहात फायगे २४ नावाचा एक श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा, घट्ट गाभा, आहे. ईयूव्हीईच्या सूचीत तो ‘ईयूव्हीई जे०२३५+०३.७’ आहे, त्याआधीच्या रोसॅट उपग्रहाच्या सूचीत ‘आरई जे०२३५+०३४’ आणि श्वेतबटूंच्या यादीत ‘डब्ल्यूडी ०२३२+०३५’. मी स्थानांचे कॉलम न घेता नावंच तोडून त्यातून विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) काढली, दोन कलांच्या आत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा) जुळवणी लावली आणि तीन वेगवेगळे स्रोत पदरात पडले. दोन तर अगदी ‘नवीन’! संध्याकाळभर हवेत होतो.

घोळ असा होता. ईयूव्हीईच्या नावातला ०३.७ म्हणजे ३.७ अंश. रोसॅटच्या नावातला ०३४ म्हणजे ३.४ अंश नव्हे, तर ३ अंश आणि चाळीस-पंचेचाळीस कला. शेवटचा आकडा कलांचा दशक असतो. फायगे २४ ची क्रांती ३ अंश ४४ कलांच्या आसपास आहे, त्यामुळे दोन्ही नावं बरोबर आहेत. डब्ल्यूडी नावात पुन्हा दशांश अंशच, पण ते १९५० च्या संपाताला, म्हणजे विषुवांश जिथून मोजतात त्या बिंदूच्या त्या वर्षीच्या जागेला, धरून. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो म्हणून हा बिंदू सरकत राहतो. या संपातचलनामुळे पन्नास वर्षांत विषुवांश अडीच मिनिटांहून जास्त सरकतो, म्हणून ०२३२ चं ०२३५ झालं. नाव ही फक्त पाटी आहे. जुळवणी करायची ती स्थानाच्या कॉलमवर, आणि तो कॉलम बी१९५० चा (१९५० च्या संपाताचा) आहे की जे२०००चा (२००० च्या) हे बघूनच.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे तारा तिथेच बसून आहे असं धरणं. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी प्रॉक्सिमा सेंटॉरी वर्षाला ३.८६ विकला सरकतो. सर्वेक्षण १९९२ चं आणि ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया या युरोपीय उपग्रहाच्या तिसऱ्या सूचीतली स्थानं २०१६ ची, म्हणजे मधल्या काळात तो दीड कला पुढे गेला. ईयूव्हीमध्ये दिसणारे बरेच तारे जवळचे, म्हणून पळणारे. गायाची स्थानं आधी १९९२ वर मागे आणा, मग जुळवा.

‘पाच सिग्मा आहे ना, मग खरंच असणार’

मूळ फोटॉन-नकाशांवर स्वतः स्रोत शोधायला बसलात तर हे वाक्य मनात येणारच. कागद घेऊन हिशेब करू. सगळं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं. सहा कला बाजूचे चौकोन पाडले तर सुमारे ४१ लाख होतात. समजा, आपल्या चौकोनात पार्श्वभूमीचा सरासरी एकच फोटॉन पडतो आणि एका चौकोनात सहा सापडले. सरासरीपेक्षा पाच जास्त, प्रमाण विचलन (सिग्मा) एक, म्हणून ‘पाच सिग्मा’. घंटाकृती वक्राने बघितलं तर ४१ लाखांत असा एखादाच चौकोन योगायोगाने निघावा.

पण फोटॉन मोजताना घंटाकृती वक्र चालत नाही, प्वासाँचं वितरण लागतं. सरासरी एक असताना सहा किंवा जास्त येण्याची शक्यता ०.०००५९. गुणिले ४१ लाख केल्यावर येतात जवळजवळ २,४५० चौकोन! खऱ्या सूचीत स्रोत ७३४ आणि आपल्या यादीत त्याच्या तिप्पट नुसती धूळ. शिवाय ईयूव्हीईच्या चार फिल्टरांत चार वेळा शोधलं, तर योगायोगाला चौपट संधी. तेव्हा उंबरठा ठरवताना ‘सगळ्या आकाशात मिळून किती खोटे चालतील’ हा आकडा आधी ठरवा आणि तिथून उलटं या.

पार्श्वभूमी सगळीकडे सारखी धरणं ही याचीच धाकटी बहीण. पृथ्वीभोवतीचं हेलियम ३०४ आणि ५८४ अँगस्ट्रॉमला चमकतं, त्यामुळे उपग्रह दिवसाच्या बाजूला असताना आणि रात्रीच्या बाजूला असताना मोजणीत मोठा फरक पडतो. दक्षिण अटलांटिकच्या वरून जाताना कणांचा मारा वेगळाच. निरीक्षणाचा वेळही असमान: स्कॅनर सूर्याच्या दिशेला काटकोनात फिरत असल्याने प्रत्येक फेरी क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) ध्रुवांवरून, म्हणजे कदंबांवरून, जात होती. तिथे क्रांतिवृत्ताच्या कित्येक पट वेळ मिळाला. कदंबाजवळ जास्त स्रोत दिसले म्हणून तिकडे तारे दाटले आहेत असा निष्कर्ष काढलेला मी एका प्रोजेक्टच्या वहीत वाचलाय. आधी वेळेने भागा.

वर्तुळात सापडला तो गुन्हेगार नव्हे

ओळख पटवताना, म्हणजे ईयूव्ही स्रोत नेमका कुठला तारा हे ठरवताना, सगळ्यांचा हात सगळ्यात ठळक ताऱ्याकडे जातो. टायको-२ सूचीत सुमारे २५ लाख तारे आहेत, म्हणजे चौरस अंशाला सरासरी ६०. एक कला त्रिज्येच्या वर्तुळात त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने असण्याची शक्यता पाच टक्के. ७३४ स्रोतांवर ते जवळजवळ ४० होतात. आकाशगंगेच्या पट्ट्यात त्याहून जास्त. आपल्या सूचीची स्थानं मुद्दाम अर्धा अंश बाजूला सरकवून तीच जुळवणी पुन्हा चालवा. तरीही जितक्या ‘ओळखी’ पटतील तितक्या मूळ जुळवणीतही फुकटच्या आहेत असं समजा. दहा मिनिटांचं काम आहे आणि परीक्षकांचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो.

तारा बरोबर असला तरी प्रकाश त्याचाच असेल असं नाही. एचआर २८७५ हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा बी वर्गाचा (उष्ण, निळसर) तारा घ्या. तो ईयूव्हीमध्ये सापडला तेव्हा गणित बसेना. तसल्या ताऱ्याकडून इतका ईयूव्ही अपेक्षितच नव्हता. वर्णपट घेतल्यावर कळलं की त्याच्या झगमगाटात एक उष्ण श्वेतबटू दडलाय. व्याध आणि व्याध-ब सारखीच ही जोडी. ए, बी किंवा के वर्गाच्या शांत ताऱ्यावर ईयूव्ही स्रोत पडला, की आधी जोडीदाराचा संशय घ्या.

झिरपणारा प्रकाश

पातळ धातूचे फिल्टर पूर्ण घट्ट नसतात. ओ आणि बी वर्गाचे तारे दूर-अतिनीलमध्ये इतके प्रखर असतात की लांब तरंगलांबीचा थोडा प्रकाश झिरपला तरी खोटा स्रोत उभा राहतो. म्हणून नुसत्या कथिलाच्या फिल्टरमध्ये, ६०० अँगस्ट्रॉमच्या आसपास, दिसलेला आणि बाकी तिन्हीत गायब असलेला उष्ण तारा बाजूला काढून ठेवायचा.

पण डोळे मिटून कचऱ्यात टाकायचा नाही! कारण अख्ख्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी ईयूव्ही तारा निघाला तो बी वर्गाचाच: व्याधाच्या दक्षिणेचा अधारा, चारशेहून जास्त प्रकाशवर्षांवर. ईयूव्हीई उडेपर्यंत तो मान एचझेड ४३ या श्वेतबटूचा समजला जाई. अधाराच्या दिशेला ताऱ्यांमधला, ईयूव्ही अडवणारा हायड्रोजन इतका विरळ आहे की जणू बोगदाच पडलाय. आणि तो प्रकाश झिरपलेला नाही हे वर्णपटाने दाखवलं. संशय आला तर पुरावा तिथेच शोधायचा.

सूचीत नाही म्हणजे आकाशात नाही?

हायड्रोजन ९१२ अँगस्ट्रॉमला सगळ्यात जास्त अडवतो. घन सेंटिमीटरला ०.१ अणू इतका विरळ वायू धरला, तरी या तरंगलांबीचा प्रकाश १.७ प्रकाशवर्षांतच एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. प्रॉक्सिमा तर ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. तरंगलांबी कमी होत गेली की अडथळा भराभर घटतो, म्हणूनच बहुतेक स्रोत १०० अँगस्ट्रॉमच्या फिल्टरमध्ये सापडले. तेव्हा ४०० च्या फिल्टरमधलं रिकामं खातं ताऱ्याविषयी फारसं सांगत नाही, मधल्या वायूविषयी सांगतं. तिथे शून्य भरू नका, त्या जागेच्या निरीक्षण-वेळेतून कमाल मर्यादा काढून ती भरा. शून्य भरून काढलेली सरासरी दिसायला नीट दिसते आणि पूर्ण चुकीची असते.

श्वेतबटूंच्या बाबतीत मात्र नुसत्या वायूवरही खापर फोडता येत नाही. रोसॅटच्या ईयूव्ही सर्वेक्षणात हजाराहून जास्त सापडतील असा अंदाज होता, सापडले सुमारे १२०. अंदाज शुद्ध हायड्रोजनच्या वातावरणावर बेतला होता. प्रत्यक्षात फार उष्ण श्वेतबटूंच्या वातावरणात लोह, निकेलसारखी जड मूलद्रव्यं प्रारणाच्या दाबाने वर तरंगत राहतात आणि आतून येणारा ईयूव्ही तिथेच गिळतात. तापमानावरून तेज काढून ते सूचीशी ताडणार असाल, तर आधी त्या श्वेतबटूच्या वर्णपटात लोहाच्या रेषा आहेत का ते बघून घ्या.

जाता जाता एक. ‘ॲस्ट्रोसॅटच्या (भारताच्या खगोल-उपग्रहाच्या) माहितीत ईयूव्ही मिळेल का?’ असं पुण्या-मुंबईची मुलं हमखास विचारतात. नाही. त्याची अतिनील दुर्बीण १,३०० अँगस्ट्रॉमपासून पुढे बघते आणि टीआयएफआरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण ४१ अँगस्ट्रॉमपासून अलीकडे. आपला पट्टा नेमका दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.