हा विषय संसदेचा की विधानसभेचा? अधिकार शोधून काढण्याची रीत

पुण्यात एखादा नागरी प्रश्न चिघळला की सभेत कोणीतरी उठून 'याबाबत केंद्रानेच कायदा करावा' असा ठराव मांडतो आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूरही होतो. मात्र असा कायदा करणे संसदेच्या अधिकारात बसते का, हे ठराव लिहिण्यापूर्वी क्वचितच कोणी तपासून पाहते. त्यासाठी वकीलच गाठावा लागतो असे मुळीच नाही. संविधानाची शासकीय मराठी आवृत्ती हाताशी घ्यावी, कायदे करण्याचे विषय संघ (केंद्र), राज्य व समवर्ती (दोघांचे) अशा तीन सूच्यांत वाटणाऱ्या सातव्या अनुसूचीच्या पानावर खूण घालून ठेवावी आणि पुढे दिलेल्या क्रमाने एकेक प्रश्न विचारत जावे.

सुरुवात विषय बारीक करण्यापासून करावी, कारण निम्मा घोळ इथेच होतो. 'पाणी' हा एक विषय नाही. खडकवासल्याचा कालवा, शहराचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा हे राज्य सूचीच्या नोंद 17 मध्ये येतात. परंतु मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते, कृष्णा पुढे इतर राज्यांतून वाहते आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास संघ सूचीच्या नोंद 56 मध्ये आहे. नोंद 17 मध्येच ती नोंद 56 च्या अधीन असल्याचे म्हटले आहे. अशा नद्यांच्या पाणीतंट्यांचा निवाडा कसा व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद 262 ने संसदेला स्वतंत्रपणे दिलेला असून 1956 चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा त्यातूनच आला आहे. म्हणून तक्रार गटाराची आहे, धरणातून पाणी सोडण्याच्या आवर्तनाची आहे की दोन राज्यांतील वाटपाची, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे.

घरभाड्याचे उदाहरण तर शहरातल्या शहरात पाहता येते. सदाशिव पेठेतील वाड्याचा भाडेकरू राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली येतो. पण लष्कर भागात, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत, संघ सूचीची नोंद 3 लागू होते आणि तीत कटक (कॅन्टोन्मेंट) क्षेत्रातील स्थानिक स्वराज्याबरोबर घरांचे नियमन व भाडे नियंत्रण यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. राज्याचा भाडे कायदा तेथे न्यायचा असेल तर तो 1957 च्या केंद्रीय कायद्याच्या आधाराने, केंद्राच्या अधिसूचनेने न्यावा लागतो. हद्द ओलांडली की कायदेमंडळ बदलते, हे पेठांमध्ये वाढलेल्यांनाही सहसा ठाऊक नसते.

विषय नेमका झाला की तो सूचीत शोधावा. मूळ संविधानात संघ सूचीत 97, राज्य सूचीत 66 आणि समवर्ती सूचीत 47 नोंदी होत्या. पुढे घटनादुरुस्त्यांनी त्यांत भर-वजावट झाली. यातील सर्वांत मोठी हालचाल 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीची होती, जिने शिक्षण, वने, वन्य प्राण्यांचे संरक्षण आणि वजने-मापे हे विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत ठेवले. त्यामुळे जुने पुस्तक वापरत असाल तर त्याच्या छपाईचे वर्ष आधी पाहावे. तिन्ही सूच्यांत विषय सापडलाच नाही, तर अनुच्छेद 248 आणि संघ सूचीची नोंद 97 यांनुसार तो संसदेचा.

समवर्ती सूचीतील विषय मिळाला तर थांबून विचार करावा लागतो, कारण तेथे दोन्ही कायदेमंडळांना अधिकार आहे आणि विसंगती आल्यास अनुच्छेद 254 नुसार साधारणपणे संसदेचा कायदा टिकतो. 'साधारणपणे' या शब्दाचे मोल जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरच्या शर्यतीच्या बैलगाडामालकांना कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक कळते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने 1960 मध्ये केला. त्याच्या आधारे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली आणि शर्यतींचे घाट (धावण्याच्या जागा) ओस पडले. महाराष्ट्राने 2017 मध्ये त्याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली व तिला राष्ट्रपतींची अनुमती घेतली. समवर्ती विषयावरील राज्याच्या कायद्याला अशी अनुमती मिळाली, तर अनुच्छेद 254 च्या दुसऱ्या खंडानुसार त्या राज्यात तो संसदेच्या आधीच्या कायद्यावर मात करतो. 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तरीही त्याच खंडाचे परंतुक (अपवाद सांगणारा भाग) वाचल्याशिवाय पान उलटू नये: संसद मनात आणील तेव्हा नवा कायदा करून राज्याची अशी दुरुस्ती बदलू किंवा रद्द करू शकते.

विषय निखळ राज्य सूचीतला निघाला, तरी दार पूर्ण बंद होत नाही. राज्यसभेने उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने राष्ट्रहितासाठी तसा ठराव केल्यास (अनुच्छेद 249), आणीबाणी लागू असल्यास (250), दोन किंवा अधिक राज्यांनी विनंती केल्यास (252) अथवा आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करायची असल्यास (253) संसद त्या विषयावर कायदा करू शकते. यांपैकी कोणता मार्ग वापरला गेला, हे ओळखण्याची सोपी खूण कायद्याच्या उद्देशिकेतच असते, जी बहुतेक वाचक ओलांडून थेट कलम 1 वर जातात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या उद्देशिकेत राज्यांच्या ठरावांचा उल्लेख आहे, म्हणजे मार्ग 252 चा. महाराष्ट्राने तो कायदा नंतर स्वीकारला. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उद्देशिकेत जून 1972 मधील स्टॉकहोम परिषदेचा दाखला आहे, म्हणजे मार्ग 253 चा.

यानंतर किती मते लागतात ते पाहावे. साध्या कायद्याला उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे बहुमत पुरते. नवे राज्य घडवणे किंवा राज्याच्या सीमा बदलणे यालाही अनुच्छेद 3 व 4 नुसार तेवढेच पुरते, आणि ही बाब मराठी माणसाला झोंबलेली आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचना विधेयकात मुंबई शहर, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन घटक सुचवले होते. संसदेने आयत्या वेळी ते बदलून द्विभाषिक मुंबई राज्य केले. या बदलावर विधानसभेचे मत नव्याने मागवायला हवे होते, असा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला व 1959 मध्ये फेटाळला गेला. राज्याचे मत विचारणे बंधनकारक आहे, मानणे नाही. 1 मे 1960 चा महाराष्ट्रही संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा करूनच घडवला.

घटनादुरुस्तीचे गणित मात्र वेगळे आहे. अनुच्छेद 368 प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी घालतो: एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. लोकसभेच्या 543 जागा धरल्या आणि 400 जणांनी मतदान केले, तर दोन तृतीयांश 267 होतात, पण एकूण संख्येचे बहुमत 272 असल्याने 272 च हवेत. 500 जणांनी मतदान केले तर 334 लागतात. सातवी अनुसूची बदलायची असेल तर त्यावर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यताही घ्यावी लागते. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचा पेच पडल्यास संयुक्त बैठक घेता येते, जशी 1961 मध्ये हुंडाबंदी विधेयकासाठी घेतली. घटनादुरुस्तीला ती सोय नाही.

पैशाच्या बाबतीत फार शोधाशोध करावी लागत नाही. धन विधेयक लोकसभेतच मांडले जाते, राज्यसभा ते 14 दिवसांत शिफारशींसह परत पाठवते आणि त्या शिफारशी स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर असते. अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे सरकारी खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर, राज्यसभेला मतच नाही.

शेवटी मर्यादा तपासाव्यात. कायदा मूलभूत हक्कांना बाध आणत असेल तर अनुच्छेद 13 आड येतो, आणि घटनादुरुस्तीही 1973 च्या केशवानंद भारती निकालानंतर संविधानाच्या मूलभूत चौकटीला धक्का लावू शकत नाही. तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने आलेला हा निकाल आजवर टिकून आहे, म्हणून कोणी संसद 'वाटेल ते' करू शकते असे म्हणू लागला तर त्याला तेथेच थांबवावे.

एवढे केल्यावर ठराव कोणाकडे पाठवायचा हे आपोआप ठरते. राज्याचा विषय असेल तर आमदाराकडे जावे. खासदाराने तो लोकसभेत प्रश्न म्हणून विचारला तरी दाखल होणे कठीण असते. विषय केंद्राचा असेल, तर खासदाराला पत्र देण्याबरोबरच लोकसभेकडे याचिका करण्याचा मार्गही खुला आहे. तिच्यावर याचिकाकर्त्याचे पूर्ण नाव, पत्ता व सही हवी आणि ती सदस्यामार्फत सादर होत असेल, तर त्याची प्रतिस्वाक्षरीही लागते. याचिका मराठीत लिहिली असेल, तर हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडून त्यावरही याचिकाकर्त्याने सही करावी.