दुहेरी करवत: कापण्याआधी कोन तपासा

वर टेबल (फळी सरळ चिरायला), खाली मायटर (कोनात आडवं कापायला) असं करवतीचं यंत्र दांडिया बाजारातल्या आमच्या बडोदेकरी ओसरीत जागा वाचवतं, पण त्यावरच्या कोनाच्या आकड्यावर विसंबू नका. सरळ कडांची रुंद पट्टी ९० अंशांत कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही सपाट कडेला टेकवून कापलेल्या बाजू जोडा. दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते, म्हणून सुधारणा निम्मीच करायची.

चौकटीला ४५ अंशांचे ८ काप लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला की शेवटच्या कोपऱ्यात ४ अंश! माझ्या देवघराची सागवानी चौकट अशीच वाया गेली; आई अजून ऐकवते.

टेबलावर चिरताना मायटरचं डोकं खाली लॉक, गार्ड (पात्यावरचं झाकण) जागेवर. शेवटची फूटभर फळी ढकलकाठीनंच सरकवा. पातं बदलताना प्लग काढलेला हवा.