रेंज आहे, नेट नाही: दुकानात पैसे कसे द्यायचे?

दापोली तालुक्यात आमच्या काकीचं किराणा दुकान आहे. पावसाळ्यात लाइट गेली की पहिले काही तास कोणी कुरकुरत नाही. टॉवरच्या बॅटऱ्या दम धरून असतात तोवर फोन चालतात. मग फोरजीची खूण जाते, कोपऱ्यात नुसता ‘ई’ उरतो, आणि काउंटरवर माणसं क्यूआरसमोर मोबाइल धरून उभी राहतात. चाक फिरत राहतं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा मेणबत्त्यांचा पुडा, पाव किलो चहा पावडर आणि दोन बिस्किटचे पुडे घेऊन उभा होता. बिल 190 रुपये, खिशात दमडी नाही.

“काकी, नेट येईपर्यंत थांबू काय?”

“थांब की. पण मी आठला शटर ओढते.”

मग काकीने त्यालाच त्याच्या फोनवरून पैसे पाठवायला लावले, नेटशिवाय. पाच मिनिटं लागली, त्यातली तीन त्याचा विश्वास बसण्यात गेली. हे सगळं कुणालाही जमण्यासारखं आहे. अट एकच: निम्मी तयारी नेट असताना, घरी बसून करून ठेवायची.

आधी बघा, नक्की काय गेलंय

‘नेट गेलं’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलतो, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कोणाला तरी फोन लावून बघा. फोन लागतो पण डेटा चालत नाही, तर बरंच काही हातात आहे. वादळवाऱ्यात, जत्रेच्या गर्दीत किंवा सरकारने इंटरनेट बंद ठेवलं असताना बहुतेक वेळा हीच स्थिती असते. फोनही लागत नसेल, तर पर्याय फारच थोडे. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: नेट ठणठणीत असतं, पण यूपीआयची यंत्रणा किंवा तुमच्या बँकेचा सर्व्हर आडवा पडलेला असतो. 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळलं, ते असंच. तेव्हा खाली सांगितलेला *99# वापरूनही उपयोग नसतो, कारण तोही त्याच यूपीआयवरून जातो. अशा वेळी कार्ड किंवा नोटा.

आणि हो, सगळ्यात सोपा उपाय आधी. दुकानात दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं कोणी आहे का विचारा. त्याचा हॉटस्पॉट दोन मिनिटं मिळाला तर पुढचं काहीच करावं लागत नाही. हॉटस्पॉट घ्या, पण आपला फोन ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका.

\*99#: दिसायला गचाळ, कामाला पक्का

ही सेवा ऑगस्ट 2014 पासून देशभर आहे, तरी स्मार्टफोनवाल्यांपैकी फार कमी लोकांनी ती कधी वापरली असेल. ती इंटरनेटवर नाही, तर बॅलन्स बघायला आपण जसे *123# सारखे कोड लावायचो, त्याच वाटेने चालते. साधा बटणांचा फोनही पुरतो. एका वेळी 5000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. पूर्वी वापराला जास्तीत जास्त 50 पैसे लागत. 2022 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते शून्य केले. भाषा तेरा आहेत, त्यांत मराठीही.

घरी करायची तयारी:

1. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या सिमवर आहे, त्याच सिमवरून *99# लावा. दोन सिमच्या फोनमध्ये इथेच चूक होते.
2. बँकेचं नाव किंवा आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं टाका. खात्यांची यादी येईल, त्यातलं आपलं खातं निवडा.
3. यूपीआय पिन आधीच असेल तर तोच चालतो. नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड संपण्याचा महिना-वर्ष देऊन पिन तयार करा.
4. घरातल्याच कोणाला तरी एक रुपया पाठवून बघा.

हा चौथा टप्पा गाळू नका. काही कंपन्यांच्या सिमवर *99# लागतच नाही. ते अंधारात, दुकानात उभं राहून कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. नाही लागलं तर पुढचा फोनवरचा मार्ग तुमच्यासाठी.

आता दुकानात. *99# लावा, यादीत पैसे पाठवण्याचा आकडा दाबा, मग मोबाइल नंबरचा पर्याय घ्या. दुकानदाराचा नंबर टाका. क्यूआर इथे स्कॅन होत नाही, आणि क्यूआरमागचा यूपीआय आयडी बऱ्याचदा इतका लांबलचक असतो की तो टाइप करण्याच्या फंदात पडू नये. नंबर टाकल्यावर नाव येईल. इथे थांबा आणि दुकानदाराला ते नाव मोठ्याने वाचून दाखवा. काकीच्या त्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा एक आकडा चुकवला आणि स्क्रीनवर भलत्याच कुणाचं नाव आलं. पिन टाकायच्या आधी हे कळलं म्हणून निभावलं. नाव बरोबर असेल तर रक्कम, मग पिन.

दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे स्क्रीन फार वेळ थांबत नाही. रेंगाळलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नंबर आणि रक्कम आधी कागदावर लिहून घ्या. दुसरं म्हणजे इथे पिनचे आकडे ठिपक्यांआड झाकले जातीलच असं नाही, उघडे दिसू शकतात. मागे माणसं उभी असतील तर हाताचा आडोसा धरा.

फोन लावून पैसे: 123पे

मार्च 2022 मध्ये साध्या फोनवाल्यांसाठी यूपीआय 123पे सुरू झालं. त्यातले मार्ग चार आहेत, पण दुकानात सगळ्यात उपयोगी तो आवाजी कॉलचा. 080 4516 3666 हा नंबर बँकेत नोंदवलेल्या सिमवरून लावायचा, भाषा निवडायची आणि बाई सांगेल तसे आकडे दाबत जायचं: बँक, कार्डाचे शेवटचे सहा आकडे, पिन. एकदा नोंदणी झाली की पुढच्या वेळी समोरच्याचा मोबाइल नंबर, रक्कम आणि पिन, एवढंच. मर्यादा आधी 5000 रुपयांची होती, आता 10000 आहे.

हा साधा कॉल असल्यामुळे *99# न लागणाऱ्या सिमवरही चालतो. माझ्या आईला तर हाच बरा वाटतो, चष्मा लागत नाही म्हणून. नंबर मात्र आपल्या बँकेच्या किंवा एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) संकेतस्थळावर एकदा पडताळून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. ऐन वेळी गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर पिन दाबणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. तसंच, तुम्ही फोन लावलेला असेल तरच पिन दाबायचा. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत आलेल्या फोनवर कधीच नाही. 123पेच्या चारपैकी मिस्ड कॉलच्या पद्धतीत दुकानाच्या नंबरला मिस्ड कॉल दिल्यावर उलटा फोन येतो, तेवढाच काय तो अपवाद.

यूपीआय लाइटबद्दलचा एक गैरसमज

‘लाइटमध्ये पैसे टाकून ठेवले की नेट नको’ असं बरेच जण समजतात. साध्या यूपीआय लाइटला नेट लागतं. थोडं लागतं, पण लागतं. त्याचा फायदा वेगळा आहे: पैसे फोनमधल्या पाकिटातून जातात, दर वेळी बँकेचा दरवाजा ठोठवावा लागत नाही, पिनही लागत नाही. त्यामुळे बँकेचा सर्व्हर रखडलेला असताना लाइट चटकन चालून जातं. एका वेळी 1000 रुपये आणि पाकिटात एकूण 5000, ही डिसेंबर 2024 पासूनची मर्यादा.

खरंखुरं ऑफलाइन आहे ते लाइट एक्स, सप्टेंबर 2023 मध्ये आलेलं. यात दोन्ही फोनना नेट किंवा रेंज काहीच नको; फोनच्या पाठी एकमेकांना टेकवल्या की पैसे जातात. पण दोन्ही फोनमध्ये एनएफसी (अगदी जवळच्या फोनशी नेटशिवाय बोलायची सोय) हवं आणि दोघांच्याही अॅपमध्ये ही सोय चालू हवी. काकीच्या फोनमध्ये एनएफसी नाही, आणि गावातल्या दहा दुकानांत मिळून एखाद्या फोनमध्ये असेल तर असेल. तुमच्या फोनमध्ये आहे का ते सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ शोधून बघा. असेल तर घरातल्या दोघांनी मिळून एकदा करून पाहा, मजेचं आहे. त्याच्या भरवशावर मात्र बाजाराला जाऊ नका.

लाइटच्या पाकिटातले पैसे पिनशिवाय जातात, म्हणजे उघडा फोन ज्याच्या हाती लागेल त्याचे ते. मी 500 च्या वर ठेवत नाही.

मेट्रोचं ‘वन नेशन वन कार्ड’ तुमच्याकडे असेल तर त्याच्या चिपमध्येच 2000 रुपयांपर्यंत शिल्लक राहते आणि तेही नेटशिवाय कापली जाते. पुणे-मुंबईत मेट्रोला आणि बेस्टच्या बसला ते कामाचं. किराणा दुकानात ते घेणारं मशीन क्वचितच. साध्या डेबिट कार्डाच्या मशीनला जोडणी लागतेच, पण त्यात स्वतःचं वेगळं सिम असतं. तुमचं नेट गेलं म्हणजे मशीनचंही गेलं असेल असं नाही, म्हणून विचारून बघा.

दुकानदारांनी काय करावं

क्यूआरच्या खाली यूपीआयला जोडलेला मोबाइल नंबर ठळक, मार्करने लिहा. त्याशेजारी नाव, आणि नाव म्हणजे *99# वर उमटतं ते. काकीच्या दुकानाला सगळे आजोबांच्या नावाने ओळखतात, खातं मात्र काकीच्या माहेरच्या नावावर! ते लिहिलं नव्हतं तोवर प्रत्येक गिऱ्हाईक पिन टाकताना घुटमळायचं.

मोबाइल नंबरवर पाठवलेले पैसे त्या नंबरला जोडलेल्या खात्यात जातात. पैसे आल्याचं बोलून सांगणारा तुमचा बोलका डबा दुकानाच्या क्यूआरला बांधलेला असतो, तो बहुधा गप्पच राहील. त्याच्या आवाजाची वाट बघत गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. बँकेचा एसएमएस बघा, नाही आला तर स्वतः *99# लावून शिल्लक बघा. स्क्रीनशॉट दाखवला तर हसून नको म्हणा. हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी खोटी अॅपं आहेत. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारा आणि शेवटचे चार आकडे वहीत रकमेपुढे लिहा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तेवढ्यावर सोडायला हरकत नाही. पहिल्यांदाच दिसलेल्या माणसाला किती माल असा सोडायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खात्यातून गेले, दुकानात पोचले नाहीत

नेट डळमळीत असताना हे हमखास होतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, शिल्लक तपासा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाच्या क्यूआरवर अडकले तर पाच दिवसांत, आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची, तीही आपण न मागता. मोबाइल नंबरवर पाठवलेली रक्कम पहिल्या प्रकारात मोडते, हे तक्रार करताना सांगा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448. आणि अडकले नसून कोणी फसवून काढले असतील तर वेळ न दवडता 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

टॉवरच बसला तर

मग दोनच रस्ते: एनएफसीवाले दोन फोन, किंवा नोटा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस ना लाइट ना रेंज. तेव्हा काकीने शंभर पानी वहीत सगळं लिहून माल दिला. नाव, रक्कम, तारीख, आणि गिऱ्हाइकाची सही. आता ती कॅलेंडरमागे एका पाकिटात दहा, वीस आणि पन्नासच्या मिळून 2000 रुपयांच्या नोटा ठेवते आणि त्यांना हात लावू देत नाही, मलासुद्धा. अशा दिवशी पाचशेची नोट घेऊन येणारे पुष्कळ असतात, सुटे कोणाकडेच नसतात.