ट्यूडर इंग्लंडवर लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यातील आठव्या हेन्रीने आपली पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉनला घटस्फोट दिला, हे विधान मराठी लेखांत वारंवार आढळते आणि पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅथरीन ही हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर याची विधवा असल्यामुळे हा विवाह मुळातच अवैध होता, असा निवाडा आर्चबिशप क्रॅन्मरने 23 मे 1533 रोजी दिला. विवाह झालाच नव्हता असे ठरल्यामुळे कॅथरीनचे राणीपद गेले आणि मुलगी मेरी वारसाहक्काला मुकली. म्हणूनच जानेवारी 1536 मध्ये कॅथरीन वारली, तेव्हा पीटरबरोच्या मठात तिचे दफन राणी म्हणून नव्हे, तर आर्थरची विधवा म्हणून झाले, आणि मेरीला आईच्या अंत्यविधीला जाऊ दिले गेले नाही. आज तिथे सोनेरी अक्षरांत तिचा उल्लेख राणी असा दिसतो. मात्र ती अक्षरे फार नंतरची असल्याने त्यांना हेन्रीच्या काळाचा पुरावा मानू नये. हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन हिचा विवाहही व्यभिचाराच्या आरोपावरून झालेल्या तिच्या शिरच्छेदाच्या दोनच दिवस आधी रद्द ठरला. विवाहच अवैध, तर व्यभिचाराचा आरोप कसा टिकतो, हा प्रश्न दरबारात कोणी विचारला नसावा.

दुसरी चूक म्हणजे पोपशी संबंध तोडणारा हेन्री प्रॉटेस्टंट झाला असे गृहीत धरणे. 30 जुलै 1540 रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये तीन प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले, तर राजाचे धर्मप्रमुखपद नाकारणाऱ्या तीन कॅथलिकांना त्याच दिवशी, त्याच ठिकाणी राजद्रोही म्हणून फासावर चढवून त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. या कॅथलिकांपैकी थॉमस एबल हा कॅथरीनचा धर्मगुरू होता आणि त्याने तिच्या विवाहाची बाजू लेखी मांडली होती. लग्नाचा वाद आणि धर्माचा वाद वेगवेगळ्या प्रकरणांत मांडणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, पुढे राणी झालेल्या हेन्रीच्या दोन मुली, कॅथरीनची मेरी आणि ॲनची एलिझाबेथ, एकाच थडग्यात आहेत, यावरून बहिणींच्या समेटाची गोष्ट रचू नये. कॅथलिक मेरीचे दफन 1558 मध्ये झाले. एलिझाबेथची शवपेटी तिच्यावर ठेवली गेली ती 1606 मध्ये, पहिल्या जेम्सच्या काळात. वर पुतळा मात्र एकट्या एलिझाबेथचा आहे आणि मेरीच्या वाट्याला लॅटिन लेखातील उल्लेख तेवढा आला आहे.

सनावळी जुळत नसेल, तर प्रथम महिना पाहावा. त्या काळी इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्च या काळातील घटना मूळ कागदांत एक वर्ष मागे दिसतात. ॲनचा गुप्त विवाह साधारणपणे जानेवारी 1533 मधला मानतात. जुन्या गणनेतले 1532 तसेच उचलले, तर सप्टेंबर 1533 मध्ये जन्मलेली एलिझाबेथ लग्नानंतर सुमारे आठ महिन्यांऐवजी वीस महिन्यांनी जन्मली असे दिसेल, आणि ॲनचे गरोदरपण हे त्या वर्षीच्या घाईचे कारणच हरवेल.