यूकेच्या बिझनेस व्हिसाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा

यूकेत स्वतःचा धंदा काढायला इनोव्हेटर फाउंडर व्हिसा घेताय तर खात्यात किमान १,२७० पाउंड सलग २८ दिवस दिसावे लागतात, पण रोजच्या खात्यातून यूपीआय, हप्ते, एसआयपी चालूच असतं, एखाद्या दिवशी बॅलन्स खाली गेला तरी २८ दिवस परत पहिल्यापासून.

१) स्वतःच्या नावावर वेगळं सेव्हिंग खातं काढा, त्याला यूपीआय जोडूच नका.
२) रक्कम थोडी जास्तच टाका, कारण पाउंडचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात. बायको सोबत असेल तर २८५, पहिल्या मुलाचे ३१५, पुढच्या प्रत्येकाचे २०० पाउंड अजून.
३) २८ दिवस झाले की स्टेटमेंट काढा, त्याची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत हवी.

सांगलीकरांनी एक नक्की बघा. मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचे पैसे बरेच जण पतसंस्थेत ठेवतात, व्याज बरं मिळतं म्हणून, पण पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि यूकेवाल्यांना देखरेखीखालची बँकच लागते. पैसे आधी बँकेत आणा, २८ दिवस तिथून मोजा. सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेने दिलेली कॅश क्रेडिटची उधारी), ओव्हरड्राफ्ट या रकमेत धरत नाहीत.

आणि ५०,००० पाउंड गुंतवणूक लागतेच असं कुणी एजंट म्हणाला तर ती अट एप्रिल २०२३ मध्येच काढून टाकली आहे. मात्र मान्यताप्राप्त संस्थेचं एन्डोर्समेंट (धंद्याची आयडिया तपासून दिलेलं मान्यतेचं पत्र) लागतंच, आणि साध्या दुकानाच्या आयडियावर ते मिळणं अवघड आहे.