विमानाच्या पंखाचा स्पार हलका करा, पण लुळा नको
राजेहो, आरसी म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवणारे आपल्याकडचे पोट्टे स्पारचं, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब मुख्य दांड्याचं, वजन कमी करायचं म्हटलं की पहिले मटेरियल बदलायला निघतात. स्टील काढून ॲल्युमिनियम टाकू वगैरे. नुसतं तेवढ्यानं काही हाती लागत नाही, काऊन का स्टील, ॲल्युमिनियम अन् चांगलं सरळ रेषेचं लाकूड, तिघांचाही ताठपणा वजनाच्या मानानं जवळपास सारखाच. कार्बन फायबर साधारण तिप्पट सरस आहे, पण खिसाही तसाच पाहिजे.

खरा खेळ आकाराचा. फूटपट्टी आडवी वाकवून पहा अन् मग उभी धरून वाकवा, लगेच समजते. चौकोनी स्पारची उंची दुप्पट केली तर वजन दुप्पट होते पण ताठपणा आठपट, म्हणून पंखाच्या जाडीत मावेल तेवढा उंच घ्या अन् मधला माल काढून वर-खाली न्या, कारण पंख वाकताना वरची बाजू दबते, खालची ताणते अन् मधला माल नुसता बसून खातो. 10 एमएमचा भरीव रॉड काढून त्याच मटेरियलची बाहेरून 12, आतून 10 एमएम नळी टाकली तर वजन 44 टक्केच राहते अन् ताठपणा उलट 7 टक्के वाढतो!

बांबू तर आपल्या घरचाच. चांगल्या वाळलेल्या बांबूच्या दोन कामट्या काढा, एक वर एक खाली, सालीची बाजू बाहेर, कारण दाट तंतू तिकडंच असतात. वरची जरा जाड ठेवा, दबून तीच आधी जाते. मधात बाल्साची, म्हणजे एकदम हलक्या लाकडाची पट्टी, तिच्या रेषा उभ्याच पाहिजेत. भोकं पाडायची हौस असेल तर या मधल्या पट्टीत, टोकाकडं पाडा, मुळाशी (पंख विमानाच्या धडाला जुळतो तिथं) नको अन् कामट्यांना तर हातही लावू नका.

टोकाकडं कामटी निमुळती करा. भार पंखभर सारखा धरला तर अर्ध्यावर वाकवणारा जोर मुळाच्या पावच उरतो, मग तिथं जाड कामटी कशाला वाहायची? मुळाशी मात्र दोरा गुंडाळून इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) लावा, पातळच, गोंदाचंही वजन होते. मे महिन्यात इपॉक्सी थोडं थोडंच कालवा, वाटीतच गोठते, अन् काळा पंख धुऱ्यावर उन्हात ठेवू नका, साधं इपॉक्सी 50-60 डिग्रीला नरम पडते.

हे सगळं मॉडेलपुरतं बरं, माणूस बसणाऱ्या विमानात असले उद्योग नकोत.

आता तपासणी. स्पारचं मुळाकडचं टोक टेबलाला शिकंजानं आवळा, दुसऱ्या टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली बाटली टांगा, ते टोक किती खाली आलं ते पट्टीनं मोजून लिहून ठेवा अन् बदल केल्यावर परत मोजा. झुकणं निम्मं झालं म्हणजे ताठपणा दुप्पट. पंख पुरा जोडल्यावर टोक हातानं पिळूनही पहा, पिळत असेल तर स्पार जाड करून उपयोग नाही, समोरच्या धारेपासून स्पारपर्यंत वर-खाली पातळ बाल्सा शीट चिकटवून बंद पेटी करा.