पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर कुठं बोलायचं आणि कुठं थांबायचं

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की गावात दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "काय झालं ते सगळं सांगून टाक, मोकळा होशील." दुसऱ्यानं मोबाइलवर परदेशी व्हिडिओ बघितलेले असतात. तो म्हणतो, "तोंडच उघडू नको, नावसुद्धा सांगू नको." साताऱ्यात फौजदारी वकिली करताना या दोन्ही सल्ल्यांपायी अडकलेली माणसं मी सतत बघतो.

गप्प राहण्याचा हक्क खरा आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम 20(3) सांगतं. 1978 साली नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीलाही लागू केलं, आणि गुन्ह्यात ज्याच्यावर संशय आहे त्यालाही दिलं. पण हा हक्क पोलिसांनी सुरुवातीलाच वाचून दाखवायचा, अशी पद्धत आपल्याकडे नाही. तो तुम्हालाच तोंडानं मागावा लागतो.

आधी कागद बघा

"जरा ठाण्यात येऊन जा" असा फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 179 ची असेल, तर तुम्हाला माहितगार म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम 35(3) ची असेल, तर संशय तुमच्यावर आहे. ही दुसरी नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र हातात रीतसर नोटीस पडली की जायचंच. गप्प राहण्याचा हक्क म्हणजे गैरहजर राहण्याचा हक्क नव्हे. 35(3) च्या नोटिशीला दांडी मारलीत, तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवलंत.

साक्षीदार म्हणून बोलावलेली व्यक्ती स्त्री असेल, साठीच्या पुढची किंवा पंधराच्या आतली असेल, अपंग किंवा गंभीर आजारी असेल, तर पोलिसांनी तिच्याकडे जायचं असतं. आईला घेऊन ठाण्याच्या बाकावर चार तास बसू नका.

जाण्याआधी

वकिलाशी बोला. घरच्यांना कुठल्या ठाण्यात, किती वाजता आणि कुणाकडे जाताय ते सांगा. वकील परवडत नसेल तर 15100 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सातारा आणि सांगली दोन्हीकडे ते आहे.

गावात कुणाजवळही घटनेबद्दल बोलू नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून वापरायला कायदा आडवा येतो. सरपंचाजवळ, मित्राजवळ किंवा फोनवर मोकळेपणानं बोललेल्याला तसं संरक्षण नाही.

काय सांगावंच लागतं

नाव, पत्ता, वय, व्यवसाय. खरं सांगा. खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि गप्प राहण्याच्या हक्कात खोटं बोलण्याचा हक्क येत नाही. साक्षीदार असाल तर प्रश्नांची खरी उत्तरं देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ज्या उत्तरानं तुम्ही स्वतः गुन्ह्यात अडकाल, तेवढंच नाकारता येतं. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणात बसत नाहीत, हे 1961 पासून ठरलेलं आहे. नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या मात्र संमतीशिवाय करता येत नाहीत. तो निकाल 2010 चा. मोबाइलच्या पासवर्डबद्दल वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

प्रत्यक्ष गप्प राहणं

हे सगळ्यात अवघड. वकिलीच्या सुरुवातीला अशिलांना हे पटवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, कारण कलम सगळ्यांना समजायचं, पण खुर्चीत बसल्यावर दहा मिनिटांत माणूस बोलायला लागायचा.

आपल्या भागात चौकशी दरडावून सुरू होतेच असं नाही. हवालदार शेजारच्या गावचा निघतो. तुमच्या मामाला ओळखतो. चहा मागवतो. "आरं, तुला कशाला गुतवतोय आम्ही? तू नुसता तिथं हुतास का, एवढंच सांग." ही चौकशीच आहे. वही उघडलेली नसली, तरी आहे. पाऊसपाणी, ऊस, जत्रा यावर बोलायला हरकत नाही. बोलणं घटनेच्या दिवसाकडे वळलं की तिथं थांबायचं.

थांबायचं म्हणजे खाली मान घालून बसायचं नाही. मोठ्यानं, एकदाच, आदरानं सांगायचं: "साहेब, नाव-पत्ता मी दिलाय. घटनेबद्दल वकिलांशी बोलल्याशिवाय मी काही सांगणार नाही. राज्यघटनेच्या कलम वीस-तीननं मला तो हक्क दिलाय." पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच वाक्य. "माहीत नाही" किंवा "आठवत नाही" म्हणू नका. माहीत असेल तर ते खोटं ठरतं, आणि एक खोटं पकडलं गेलं की तुमच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्धवट बोलणं तर पूर्ण बोलण्याहून वाईट. बांधावरून मारामारी झाली असं धरा. "मी मारलं नाही, नुसतं ढकललं," असं माणूस सफाई म्हणून सांगतो. यात त्यानं तिथं असणं आणि हात लावणं, दोन्ही मान्य केलं. मग प्रश्न येतो, "काठी कुठाय?" तो म्हणतो, "गोठ्याच्या माळ्यावर." इथं सगळं फिरतं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे आणि गावोगावचे सल्लागार तेवढंच सांगतात: "पोलिसांपुढं बोललेलं कोर्टात टिकत नाही." त्याच कलमाला परंतुक, म्हणजे अपवाद आहे. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. दोन पंच बोलावतात, निवेदन पंचनामा होतो (आरोपी काय सांगतो ते पंचांसमोर लिहून घेतात), काठी जप्त होते, आणि खटला त्या काठीवर उभा राहतो. 'टिकत नाही' या अर्ध्या सल्ल्यानं शिक्षेपर्यंत गेलेली माणसं आहेत. म्हणून 'कुठं आहे, कुणी ठेवलं, दाखवतोस का' या प्रश्नांना तर ठामपणे तेच वाक्य.

धमकी येते, "सहकार्य करत नाहीस, असं कोर्टाला सांगतो." घाबरू नका. कबुली दिली नाही म्हणजे सहकार्य केलं नाही असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. तुम्ही वेळेवर आलात, ओळख दिलीत, कागद दिलेत. हे सहकार्य आहे.

कधी घरचंच वडीलधारं माणूस शेजारी बसून "सांग बाबा, कशाला वाढवतोस" म्हणतं. त्यांना आदल्या दिवशीच समजावून ठेवा. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 38 देतं. वकील पूर्ण वेळ शेजारी बसेलच असं नाही, पण बाहेर व्हरांड्यात वकील आहे एवढ्यानंही खोलीतली भाषा बदलते.

सही

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कायद्यातच तसं आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181. नोटिशीची पोच आणि अटकेचा मेमो यांवर वाचून, तारीख-वेळ घालून सही करा. कोऱ्या कागदावर कधीही नाही. 'मी स्वखुशीने सांगतो की' असं तुमच्या तोंडी घातलेल्या कागदावरही नाही.

अटक झाली तर

अटकेची कारणं तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी लागू केलंय. नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे.

कोर्टात विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मारहाण झालेला माणूसही मागं उभ्या असलेल्या अंमलदाराकडे बघून "नाही" म्हणतो. तसं करू नका. मार कुठं लागला, कुणी मारलं, कधी मारलं, ते तिथंच सांगा आणि नोंदवून घ्यायची विनंती करा.

घरच्यांनी ताब्यात घेतल्याची वेळ, गाडीचा नंबर आणि ठाण्याचं नाव लिहून ठेवावं. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा तो पळून गेल्याचं आधी सांगितलं गेलं होतं. मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं नंतर तपासात निघालं. माणूस कुठं आहे हे कळत नसेल, किंवा मुदत उलटूनही कोर्टात आणला नसेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असं मागणारा अर्ज करता येतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत, त्यामुळे त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.